सापोरोतली खेकड्यांची संध्याकाळ: हवं तेवढं खा, हवं तेवढं प्या – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की जपानला येणारे नातेवाईक, मित्र आणि मित्रांचे मित्र मला एकच विचारतात: सापोरोत ते खेकडे कुठे मिळतात, किती मिळतात, आणि आपल्याला आवडतील का? दरवेळी फोनवर अर्धा तास जातो. मला या जेवणाची मनापासून आवड आहे. आपली माणसं तिथे जाऊन हिरमुसून परत येतात तेव्हा वाईट वाटतं, कारण थोडी माहिती आधी असती तर तीच संध्याकाळ लक्षात राहण्यासारखी झाली असती. म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

‘ताबेहोदाइ’ आणि ‘नोमिहोदाइ’ म्हणजे काय?

‘ताबेरु’ म्हणजे खाणं, ‘नोमु’ म्हणजे पिणं, आणि ‘होदाइ’ म्हणजे मनाला येईल तितकं. माणशी ठरलेली रक्कम भरायची आणि ठरलेल्या वेळात हवं तेवढं मागवायचं. खाण्याची रक्कम वेगळी आणि पिण्याची वेगळी असते, दोन्ही एकत्र घेतलं की थोडं स्वस्त पडतं.

याचे दोन प्रकार आहेत. एकात तुम्ही टेबलाशी बसून राहता आणि ताटं येत राहतात. दुसऱ्यात उठून स्वतः वाढून घ्यायचं असतं. या दुसऱ्याला जपानी लोक ‘बाइकिंगु’ म्हणतात, म्हणजे वायकिंग. तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलने १९५८ मध्ये स्कँडिनेव्हियातली ही पद्धत आणली आणि तिला हे नाव दिलं, ते देशभर रुळलं. खेकड्यांसाठी मी पहिला प्रकार सुचवते. वाढून घ्यायच्या टेबलावर बारीक, मोडके पाय आधी हाताला लागतात आणि चांगले तुकडे भराभर संपतात.

साधारण किती पैसे लागतात?

फक्त झुवाइ जातीचे पाय असतील तर ५ ते ६ हजार येनच्या आसपास, ताराबा आणि केगानी या जाती (तिन्हींची ओळख पुढे आहे) धरून १० हजार किंवा त्याच्याही वर. पेयांचे दीड ते अडीच हजार आणखी. जपानमध्ये एप्रिल २०२१ पासून करासह किंमत दाखवणं बंधनकारक आहे, त्यामुळे मोठ्या अक्षरातल्या आकड्याशेजारी दुसरा, थोडा मोठा आकडा असेल तर तोच तुमचा. काही ठिकाणी बसल्याबरोबर छोटी वाटी समोर येते, तिला ‘ओतोशी’ म्हणतात. ती न मागता येते आणि बिलात लागते. ही फसवणूक नाही, बसण्याचा आकार समजा. टिप मात्र द्यायची नसते.

एका टेबलावरच्या सगळ्यांनी एकच योजना घ्यावी लागते. ‘आम्ही चौघं, दोघंच खाणार’ असं चालत नाही.

वेळ किती मिळतो?

बहुतेक ठिकाणी ९० मिनिटं, क्वचित १२० किंवा ७०. शेवटची ऑर्डर वेळ संपायच्या २० ते ३० मिनिटं आधी घेतात, तिला ‘रासुतो ओदा’ म्हणतात. म्हणजे ९० मिनिटांतली मागवायची मिनिटं ६० ते ७०च. घड्याळ तुम्ही बसल्यापासून किंवा पहिलं ताट आल्यापासून सुरू होतं. हे आधी विचारून घ्या.

कोणते खेकडे मिळतात?

सापोरो ज्या बेटावर आहे त्या होक्काइदोत तीन नावं ऐकू येतील.

झुवाइ हा लांब, सडपातळ पायांचा. मांस बारीक धाग्यांचं, गोड, ओलसर. मला विचाराल तर खेकड्याची खरी गोडी यातच आहे. ताराबा हा राक्षसी, काटेरी. त्याचा एक पाय ताटाच्या बाहेर येतो, मांस जाड आणि घट्ट, एका घासात तोंड भरतं. फोटोत तोच छान दिसतो, पण तीन-चार तुकड्यांनंतर चव एकसुरी वाटायला लागते. केगानी छोटा, अंगभर राठ केसांचा. पायात मांस थोडं, पण कवचातला ‘कानिमिसो’ अप्रतिम. अनेकांना वाटतो तसा तो मेंदू नव्हे. तो खेकड्याचा यकृतासारखं काम करणारा अवयव, आपण कुर्लीच्या पेटीतलं जे बोटाने निपटून खातो तेच.

होक्काइदोच्या पूर्व टोकाच्या नेमुरोकडचा हानासाकी खेकडा उकडला की भडक लाल होतो. तो या योजनांमध्ये क्वचित दिसतो. दिसला तर एक तरी घ्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. जपानच्या मुख्य बेटाच्या, होन्शूच्या, पश्चिम किनाऱ्यावर नोव्हेंबरच्या ६ तारखेला हंगाम उघडतो, तिथला पायाला बिल्ला लावलेला एचिझेन किंवा मात्सुबा खेकडा या पैशांत मिळणार नाही. तोही झुवाइच, पण जिवंत, निवडक आणि फार महाग. २०१९ मध्ये त्याच किनाऱ्यावरच्या तोत्तोरीत हंगामाच्या पहिल्या लिलावात एका मात्सुबाला ५० लाख येन मोजले गेले होते. ताबेहोदाइत येतो तो बोटीवर किंवा बंदरावर उकडून गोठवलेला खेकडा, त्यातला बराचसा परदेशातून आलेला. म्हणून तो बाराही महिने मिळतो. हंगाम चुकला म्हणून कोणी हळहळू नये.

ताराबा खरा खेकडा नाही, हे खरं का?

खरं आहे. जीवशास्त्राच्या हिशेबाने तो शंखात राहणाऱ्या साधू खेकड्याच्या कुळातला. ताट समोर आलं की पाय मोजा. आपल्या चिंबोरीला दोन नांग्या आणि आठ पाय, एकूण दहा. त्यातले शेवटचे दोन वल्ह्यासारखे चपटे. झुवाइलाही दहाच. ताराबाला मात्र नांग्या धरून आठच दिसतात. उरलेली जोडी इतकी बारीक असते की कवचाखाली दडून राहते. मुलं बरोबर असतील तर हा मोजायचा खेळ जरूर करा, माझ्या भाच्याने शेजारच्या टेबलावरचेही मोजले होते.

चवीवर याचा काही परिणाम नाही. फक्त ताराबाच्या कवचात कानिमिसो शोधू नका. तो पातळ पाण्यासारखा असतो आणि खात नाहीत.

लाख, म्हणजे मादीच्या कवचातली केशरी अंडी, मिळेल का?

कोकणातून येणाऱ्या प्रत्येकाचा हा प्रश्न असतो, आणि उत्तर देताना मलाच जड जातं. नाही मिळणार. होक्काइदोत ताराबा आणि केगानीच्या माद्या पकडायला बंदी आहे, आणि झुवाइचेही पाय येतात ते नराचे. अमावास्या गाठून गेलात तरी फरक पडत नाही, कारण खेकडा कधीच गोठवलेला असतो.

लाखेसाठीच जीव तुटत असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होन्शूवरच्या कानाझावा शहरात जा. तिथे झुवाइच्या मादीला ‘कोबाको’ म्हणतात. तळहाताएवढीच असते, पण पोटाखालची बाहेरची अंडी आणि कवचातली केशरी लाख दोन्ही मिळतात. तिचा हंगाम दोन महिन्यांच्या आतच संपतो.

खेकडे थंड का देतात?

सर्वात जास्त निराशा इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

माझी आई देवगडची. फेब्रुवारीत तिला घेऊन गेले, बाहेर बर्फ पडत होता. तिने ताटातला पाय बोटाने दाबला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “ही कुर्ली थंडच खावची?” तिच्यासाठी कुर्ली म्हणजे वाटपात रटरटणारी, ताटात वाफ सोडणारी, भाताबरोबर ओरपायची. हे थंडगार पाय बघून तिला वाटलं, कालचं उरलेलं वाढलंय.

कारण असं. हा खेकडा मिठाच्या पाण्यात एकदा उकडलेला असतो. मग गोठवतात, आणि वाढायच्या आधी हळूहळू फ्रिजमध्ये बर्फ सोडवतात. पुन्हा जोरात तापवला तर मांसातलं पाणी निघून जातं आणि हातात चोथा राहतो. थंड खाल्ला तर गोडी जिभेवर सावकाश उतरते. पहिला तुकडा कशातही न बुडवता खा. दुसरा सानबाइझुत, म्हणजे शिरका, सोया आणि थोड्या साखरेच्या आंबटगोड पाण्यात. तिसऱ्यापर्यंत मत बनवू नका.

तरीही गरमच हवा असेल तर तशी सोय असते. ‘कानिसुकी’ किंवा ‘कानिनाबे’ मागवा, म्हणजे टेबलावर उकळतं सार येतं. उकडलेला पाय त्यात अर्धा-एक मिनिट फक्त न्हाऊ घाला. कच्चे, पारदर्शक दिसणारे पाय आले तर ते मात्र पांढरे होईपर्यंत शिजवा. आईने त्या दिवशी सगळं सारात बुडवूनच खाल्लं. सातव्या-आठव्या पायाला तिने एक थंड उचलला, आणि मग दुसरा. मी काही बोलले नाही.

लिंबू बहुतेक ठिकाणी मागितल्यावर देतात. हिरवी मिरची किंवा मसाल्याची पुडी पर्समधून काढू नका, असं कळकळीने सांगते. मसाल्यातली कुर्ली घरी गेल्यावर मिळणारच आहे.

झुवाइच्या कवचावर काळे दाणे चिकटलेत. खराब आहे का?

नाही. एक जळू आपली अंडी त्या कवचावर घालते. झुवाइ राहतो त्या खोल समुद्राचा तळ चिखलाचा असतो, अंडी चिकटवायला टणक जागा सापडत नाही, म्हणून ती खेकड्याची पाठ वापरते. दाणे कवचाच्या बाहेरच असतात, मांसाशी संबंध नसतो. खेकड्याने कात टाकून बरेच दिवस झाल्याची ती खूण समजतात, म्हणजे मांस भरलेलं असायची शक्यता जास्त.

खारटपणा मात्र ताटागणिक बदलतो. मिठाच्या थंड पाण्यात गोठवलेला माल कधीकधी फार खारट लागतो. असं ताट आलं तर पुढच्या वेळी दुसरा प्रकार मागवा.

पाय कसा सोलायचा?

टेबलावर कात्री असते आणि एक लांबट चमचा, ज्याचं एक टोक दोन दातांचं आणि दुसरं पन्हळीसारखं. दातांनी कवच फोडायची आपली सवय इथे सोडा. झुवाइचं कवच पातळ असतं, पण तुटल्यावर त्याची धार ओठ कापते.

झुवाइचा पाय सांध्याजवळ दोन्ही हातांत धरा, सांधा एकदा उलट्या बाजूला वाकवा, कट् आवाज आला की सरळ ओढा. जमलं तर आतली पांढरी पट्टी धरून सगळं मांस अखंड बाहेर येतं. पहिल्या दोन-तीनदा जमत नाही. तेव्हा पायाची फिकट बाजू बघा. वरची बाजू लाल आणि कडक, खालची पांढुरकी आणि मऊ असते. त्या मऊ बाजूने कात्री चालवली की कागदासारखं फाटतं. ताराबाला कात्रीशिवाय पर्याय नाही. तो धरताना ओल्या रुमालाचा आधार घ्या, काटे टोचतात.

पाय जिथे धडाला जोडलेला असतो तो खांद्याचा भाग लोक टाकून देतात. आडवा चिरून बघा, कप्प्याकप्प्यांत मांस बसलेलं असतं, आणि माझ्या मते झुवाइचा सर्वात गोड घास तोच.

पैसे वसूल कसे करायचे?

हा प्रश्न विचारताना बहुतेकांचा आवाज खाली येतो, पण विचारतात सगळेच. पैसे कष्टाचे असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माझं प्रामाणिक म्हणणं असं की मोजायला बसलात की संध्याकाळ हातची जाते. मी एका टेबलावर चार भाऊ बघितले आहेत, पहिल्या २० मिनिटांत एकमेकांशी अवाक्षर न बोलता सोलत होते, आणि पाऊण तासानंतर चौघंही खुर्चीला टेकून ताटाकडे बघत होते. खेकडा खाताना माणसं गप्प होतात असं जपानी लोकही म्हणतात. पण ती शांतता चवीची असावी.

त्यापेक्षा हे करा. दुपारी हलकं जेवा, पण उपाशी जाऊ नका. पहिल्या फेरीत सगळे प्रकार थोडे थोडे मागवा आणि टेबलावर ठरवा की आपल्याला काय आवडलं. दुसऱ्या फेरीपासून तेवढंच. बरोबर येणारी तळणं, सुशी, भात यांना मध्येच हात लावू नका. लालपांढऱ्या कांड्या असलेलं सॅलड आलं तर त्यात खेकडा नसतो. त्या ‘कानिकामा’ माशाच्या लगद्याच्या असतात. आणि ताटं एकदम मागवू नका. दोन-दोन मागवा, सोलता सोलता बोला. आपल्याकडच्या गटारीला शेवटची संधी म्हणून पानावर तुटून पडतात. इथे उद्याही खेकडा आहे, परवाही आहे.

ताटात उरलं तर?

पैसे लागतात. किती ते मेनूवर लिहिलेलं असतं, आणि बांधून नेता येत नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या टेबलावर अख्खं एक ताट उरलं. दंड फार नव्हता, पण आवरायला आलेल्या आजींनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि काहीही न बोलता आत नेलं. मला ते पैशांपेक्षा जास्त लागलं. इतक्या खोल, गार समुद्रातून कोणीतरी जिवावर उदार होऊन काढलेला जीव तो. तेव्हापासून मी शेवटच्या ऑर्डरला टेबलावर आधी विचारते, ‘खरंच खाणार आहात?’

पेयांमध्ये काय काय असतं?

ड्राफ्ट बिअर, हायबॉल म्हणजे सोडा घातलेली व्हिस्की, लेमन सावर म्हणजे लिंबू-सोडा घातलेली दारू, उमेशु ही उमे फळाची गोड दारू, आणि निहोनशु, म्हणजे आपण जिला साके म्हणतो ती तांदळाची दारू. सापोरो क्लासिक ही बिअर १९८५ पासून फक्त होक्काइदोतच विकली जाते, यादीत असेल तर तीच घ्या. एक ग्लास रिकामा करून दिल्याशिवाय दुसरा मिळत नाही, हा नियम बहुतेक ठिकाणी आहे.

खेकड्याबरोबर मला सर्वात जुळते ती निहोनशु. केगानी घेतला असेल तर कवच टाकू नका. थोडा कानिमिसो त्यात राहू द्या, वर गरम निहोनशु ओता, कडेने फिरवा आणि प्या. याला ‘कोराझाके’ म्हणतात. समुद्राचा वास आणि दारूची ऊब एकाच घोटात येते. हे मला एका वयस्क शेजाऱ्यांनी करून दाखवलं होतं, आणि मी ते दाखवल्याशिवाय कोणाला परत पाठवत नाही.

दारूसाठी वय २० पूर्ण हवं. जपानमध्ये २०२२ पासून १८ व्या वर्षी माणूस सज्ञान होतो, पण दारूची अट २०चीच राहिली आहे. तरुण दिसत असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा.

मी पीत नाही. तरी पेयांचे पैसे द्यायचे का?

बऱ्याच ठिकाणी फक्त बिनदारूच्या पेयांची स्वस्त योजना असते, तिला ‘सोफुतो दोरिंकु’ची नोमिहोदाइ म्हणतात. गरम उलाँग चहा मागवा. खेकड्याच्या खारटपणावर त्याच्यासारखं काही नाही, पिणाऱ्यांनीही मधूनमधून घ्यावा. साधं पाणी फुकट असतं: ‘ओमिझु कुदासाइ’.

युरिक ॲसिडचा त्रास असलेल्यांनी बिअरपासून जपून राहावं आणि डॉक्टरांना विचारूनच यावं.

शाकाहारी माणूस बरोबर असेल तर?

नेऊ नका. त्यालाही पूर्ण पैसे पडतील, आणि साराचा पाया सुक्या माशाचा असतो, म्हणजे त्यातली भाजीसुद्धा चालणार नाही. त्या संध्याकाळी त्याच्यासाठी वेगळं ठिकाण शोधणं हेच प्रेमाचं.

खेकडा-कोळंबीसारख्या कवचाच्या जिवांची ॲलर्जी असेल तर जिवाचा प्रश्न आहे. काहींना उकळत्या साराच्या वाफेनेही त्रास होतो, म्हणून ‘मी नुसता बसतो’ हेही नको.

आरक्षण लागतं का? जपानी येत नाही.

हिवाळ्यात लागतंच, आणि फेब्रुवारीच्या बर्फ महोत्सवात तर काही आठवडे आधी. तुम्ही उतरलात त्या हॉटेलच्या काउंटरवर सांगितलं तर ते फोन करून देतात. टेबलावर हल्ली टॅबलेट असतो, त्यात चित्रं असतात. एवढं पाठ असलं तरी निभतं: बोलवायला ‘सुमिमासेन’, आणखी हवं तर ‘ओकावारी’, बिलाला ‘ओकाइकेइ’, आणि उठताना ‘गोचिसोसामा देशिता’. हे शेवटचं जरूर म्हणा.

परत कसं यायचं?

ही खेकड्यांची हॉटेलं बहुतेक सापोरोच्या सुसुकिनो भागात आहेत. भाड्याची गाडी घेऊन जाऊ नका. जपानमध्ये प्यायलेल्या चालकाबरोबर गाडीत बसणारा आणि त्याला पाजणाराही गुन्हेगार ठरतो. सायकलवरही नोव्हेंबर २०२४ पासून कडक शिक्षा आहे.

सुसुकिनो ते ओदोरी आणि पुढे सापोरो स्टेशनपर्यंत जमिनीखालून चालत येता येतं. थंडीत हीच वाट धरा. वर फुटपाथवर बर्फ काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो, आणि दोन ग्लासांनंतर तो दिसत नाही. रात्री उशीर झाला तर भुयारी वाट बंद होते, तेव्हा टॅक्सी.

शेवटी काय मागवायचं?

झोसुइ. ज्यांनी कानिसुकी घेतलं असेल त्यांनी शेवटच्या ऑर्डरच्या आत भात आणि अंडं मागवून ठेवायचं. साराच्या भांड्यात तोवर सगळ्या पायांचा रस उतरलेला असतो. वरचा फेस चमच्याने काढा, भात घाला, एक उकळी येऊ द्या. फेटलेलं अंडं गोल गोल फिरवत सोडा, लगेच आच बंद करा आणि झाकण ठेवा. एक मिनिट थांबा. झाकण उघडल्यावर वर कांद्याची पात. आईने ही वाटी दोनदा घेतली, आणि दुसऱ्यांदा वाढताना मला म्हणाली, “ह्यात जरा मीठ कमी घातलंस तर बाबांकाय चलात.”